तडजोडीत काय सुटलं, ते लिहून ठेव

चि. सायली,


विद्यार्थी संघाची घटना लिहिणाऱ्या समितीतून बाहेर पडायचं म्हणतेस. ‘शेवटी तडजोडच करायची, तर तत्त्वं हवीत कशाला?’ असं विचारलंस. सायली, तडजोडीला भिऊ नकोस. तिची किंमत कोणाला मोजावी लागणार, याचा मात्र विसर पडू देऊ नकोस.

आपल्या संविधान सभेत व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमावर झालेला वाद मुळातून वाच. माणसाला कोठडीत टाकायला विधिमंडळानं केलेला कायदा पुरे, की तो कायदा न्याय्य आहे का हेही न्यायालयानं तपासावं? मसुदा समितीनं पहिली बाजू घेतली. कन्हैयालाल मुन्शी, ठाकूरदास भार्गव दुसऱ्या बाजूनं हिरिरीनं बोलले. १३ डिसेंबर १९४८ रोजी डॉ. आंबेडकर उत्तराला उभे राहिले, तेव्हा त्यांनी दोन्हीकडचे धोके मांडले. बहुमताच्या जोरावर विधिमंडळ अन्यायाचा कायदा करू शकतं. पण लोकप्रतिनिधींचा कायदा चांगला की वाईट, हे पाच-सहा न्यायाधीशांनी ठरवावं, हेही सहज पटणारं नाही. एवढं सांगून त्यांनी निर्णय सभागृहावर सोपवला. मुन्शी-भार्गवांची बाजू हरली.

प्रकरण तिथं मिटलं असतं. पण सप्टेंबर १९४९ मध्ये आंबेडकर नवं कलम घेऊन आले. आधीच्या निर्णयानं अनेकजण नाराज आहेत हे त्यांनी मान्य केलं आणि त्याची भरपाई सुचवली: अटकेचं कारण सांगायचं, वकील करू द्यायचा, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं. हे हक्क फौजदारी कायद्यात आधीपासून होते. संविधानात आल्यानं साध्या कायद्यानं ते काढून घेणं अशक्य झालं. आजचं कलम २२ ते हेच. पण त्याच कलमात प्रतिबंधक स्थानबद्धतेला वाट ठेवली गेली आणि अशा कैद्याला वकिलाची आणि चोवीस तासांची हमी मिळाली नाही. बक्षी टेकचंदांनी त्यावर तिथंच कडक टीका केली. ती टीका सभेच्या इतिवृत्तात जशीच्या तशी आहे. पुढे १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की स्वातंत्र्य हिरावणारी कार्यपद्धती न्याय्य, वाजवी असलीच पाहिजे. तीस वर्षांपूर्वी सभागृहात हरलेल्या म्हणण्याचा गाभा असा मान्य झाला.

ग्रामपंचायतींचंही पाहा. मूळ मसुद्यात त्यांना जागा नव्हती आणि खेड्यांविषयी आंबेडकरांचं मत कठोर होतं. त्या मतामागे अस्पृश्यतेचा दाहक अनुभव होता. तरीही के. संतानम यांची दुरुस्ती त्यांनी स्वीकारली, कलम ४० झालं. न्यायालयाकडे मागता येईल असा हक्क मात्र तो नव्हता. पंचायतींना भक्कम घटनात्मक पाया मिळायला १९९२ ची ७३ वी घटनादुरुस्ती यावी लागली.

म्हणून तीन गोष्टी कर. विरोधकाचं म्हणणं आधी त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांड, मग खोड. मतदानात हरलेली मतं इतिवृत्तात पूर्ण नोंदव. आणि जिथं माघार घ्याल, तिथं ज्याचं नुकसान झालं त्याला दुसऱ्या कलमात काय देता येईल, ते पुढच्याच बैठकीत मांड. गैरहजर असलेल्याच्या वाट्याची तडजोड परस्पर करायची नाही, हे तर पाळच.

राजीनामा देऊ नकोस. तू उठलीस, तर तुझी बाजू मांडायला त्या टेबलाशी कोणी उरणार नाही.

तुझी,
आत्या