विजेने तणनियंत्रण : तत्त्व, मर्यादा आणि दक्षता

कळमनुरी तालुक्यात मृगाच्या पावसानंतर सोयाबीन, कापूस व हळद यांच्याबरोबर तणही जोमाने उगवते. भारी काळ्या जमिनीतील हराळी, कुंदा आणि लव्हाळा खोल गेलेल्या काश्या व गाठींच्या बळावर पुन्हा पुन्हा फुटतात. बांधावर आणि गावठाणात गाजरगवत माजते. खुरपणीस वेळेवर मजूर मिळत नाहीत, म्हणून शेतकरी तणनाशकांकडे वळतो. परंतु रसायनांचे धोके दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. ग्लायफोसेट या तणनाशकाच्या वापरावर केंद्र शासनाने २०२२ मध्ये निर्बंध जाहीर केले. म्हणूनच रसायनाविना तण मारण्याच्या विद्युत पद्धतीची माहिती करून घेणे उपयुक्त ठरेल.

या पद्धतीचे तत्त्व सोपे आहे. वनस्पतीतील क्षारयुक्त पाण्यातून वीज वाहू शकते. ट्रॅक्टरवर चालणाऱ्या जनित्राची काही हजार व्होल्ट दाबाची वीज धातूच्या पट्टीत आणतात. पट्टी तणास टेकताच प्रवाह खोडातून मुळांत व तेथून जमिनीत जातो. जमिनीत रुतलेली चकती मंडल पूर्ण करते. प्रवाहामुळे पेशींतील पाणी तापते, पेशी फुटतात आणि तण सुकते. अमेरिकेत या कल्पनेची पेटंटे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच घेतली गेली होती. पुढे तेथे साखरबीटच्या पिकावर डोकावणारे उंच तण मारण्यासाठी अशी यंत्रे वापरली गेली.

मात्र मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. तण दाट असल्यास प्रवाह विभागला जातो आणि ऊर्जा अधिक लागते. जमीन ओली असल्यास वीज मुळांच्या वरच्या भागातूनच निसटते. न उगवलेले बी तसेच राहते, लव्हाळ्याच्या गाठी पुन्हा फुटू शकतात, वाळलेले गवत पेट घेऊ शकते आणि पट्टी पिकास लागल्यास पीकही मरते.

सर्वांत महत्त्वाची बाब सुरक्षिततेची आहे. या यंत्रात संरक्षक आवरणे आणि प्रवाह तत्काळ खंडित करणारी व्यवस्था असावी लागते. कृषिपंपाच्या जोडणीवरून तार ओढून असा प्रयोग घरच्या घरी करणे म्हणजे मृत्यूस आमंत्रण होय. रानडुकरांसाठी कुंपणात सोडलेल्या विजेने राज्यात अनेक माणसे व जनावरे दगावली आहेत. हा धडा विसरता कामा नये.

तेव्हा तूर्त सिद्ध उपायांवरच भर द्यावा. उन्हाळ्यात खोल नांगरट करून काश्या वेचून काढाव्यात. सोयाबीनमध्ये पेरणीनंतर साधारण पंधरा ते वीस आणि तीस ते पस्तीस दिवसांनी कोळपणी करावी. हळदीत पालापाचोळ्याचे आच्छादन करावे. गाजरगवत फुलावर येण्यापूर्वी, हातमोजे घालून, मुळासकट उपटावे. ही मोहीम एकाच शेतापुरती न राहता संपूर्ण शिवारात एकाच वेळी राबविली, तरच तिचा लाभ होतो. कारण त्याचे बी वाऱ्यापाण्याबरोबर दूरवर पसरते.

येथेच पंचायतीचे कार्य सुरू होते. पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत सार्वजनिक जागांवरील गाजरगवत काढण्याचा दिवस ठरवावा व त्याच सभेत उघड्या तारांविषयी इशारा द्यावा. शिक्षकांनी विज्ञानाच्या तासाला हेच तत्त्व समजावून सांगावे. जी वीज तणाच्या पेशी फोडते, तीच माणसाचे हृदय थांबवू शकते, हे मुलांना कळले की ते घरोघरी पोहोचेल. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा अथवा कृषी विभागाचा सल्ला घेतल्याशिवाय कोणतेही नवे यंत्र शेतात उतरवू नये.