अळणी पाणी : करणे, निवळणे आणि राखणे

आपल्या धाराशिव जिल्ह्यात कोणी तापातून उठले, की विचारपूस करावयास आलेली शेजारीण पहिला प्रश्न करते तो हा : “अळणी पाणी दिले का?” मटण शिजवताना तिखट-मसाला घालण्यापूर्वी हाडामांसाचे जे पातळ पाणी काढून घेतात, तेच हे. ‘अळणी’ म्हणजे ‘अलवण’, बिनमिठाचे. व्यवहारात मात्र त्यात चवीपुरते मीठ, चिमूटभर हळद व थोडे आले-लसूण असतेच. ज्या जिल्ह्यामुळे उस्मानाबादी शेळीला तिचे नाव मिळाले (जिल्ह्याचे नाव २०२३ साली बदलले, शेळीचे जुनेच राहिले), तेथील मुलांना ह्या पदार्थामागील शास्त्र ठाऊक असावे, एवढाच ह्या पाठाचा हेतू.

प्रथम करण्याची रीत. एक किलो नळ्या व पाये स्वच्छ धुऊन पातेल्यात घ्यावे व त्यांवर तीन लिटर गार पाणी घालावे. पाणी गारच का? मांसातील व रक्तातील काही प्रथिने गार पाण्यात विरघळतात आणि पाणी तापू लागले, की अंड्याच्या पांढऱ्या बलकाप्रमाणे घट्ट होऊन करड्या फेसाच्या रूपाने वर येतात. हा फेस विषारी नसतो. परंतु तो तसाच राहिला तर पाणी गढूळ होते. म्हणून पहिला अर्धा तास पातेल्याजवळून हलू नये व झाऱ्याने तो हळूहळू काढीत राहावे. खळखळा उकळी येऊ दिल्यास फेसाचे बारीक कण होतात, चरबीही पाण्यात मिसळते, आणि मग कितीही गाळले तरी पाणी निवळत नाही. चुलीतील जाळ मागे ओढून निखाऱ्यांवर, अथवा शेगडीच्या मंद आचेवर, चार तास शिजू द्यावे. हाडांच्या सांध्यांतील व कातडीतील चिवट द्रव्य एवढ्या वेळात जिलेटिन होऊन पाण्यात उतरते. गार झाल्यावर अळणी पाणी थिजते ते त्याच्यामुळेच. मीठ शेवटी घालावे; कारण पाणी आटते, मीठ आटत नाही.

आता ह्या पाण्याचे गुण किती, तेही मोजून पाहू. ते पचावयास हलके असते, तोंडाला चव आणते, शरीराला पाणी व क्षार देते. परंतु त्यात प्रथिने थोडीच असतात, आणि केवळ जिलेटिनावर शरीराची झीज भरून येत नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग ह्यांनी १८४७ साली मांसाचा अर्क काढण्याची रीत प्रसिद्ध केली, तेव्हा तो अर्क मांसाच्याच तोलाचा आहे असा पुष्कळांचा समज झाला; पुढे तो खोटा ठरला. तेव्हा दुखणाइताला नुसते पाणी देऊन मांस इतरांनी खाणे हा न्याय नव्हे. पचू लागताच त्यात मऊ भात, कुस्करलेली भाकरी व शिजलेले मांस त्यालाही द्यावे.

राखण्याचा भाग मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी वैशाखात, विषमज्वरातून नुकत्याच उठलेल्या माझ्या मुलासाठी मोठे पातेलेभर अळणी पाणी केले. ते ऊन राहावे म्हणून घट्ट झाकून रात्रभर चुलीवरच ठेवले व सकाळी नुसते कोमट करून सर्वांना दिले. वासही बरा होता, चवही बरी होती. त्या रात्री घरातील प्रत्येकाच्या पोटात कळा आल्या. मोठे दुसऱ्या दिवशी सावरले, पण मुलाचे दुखणे आणखी आठ दिवस लांबले.

कारण काय? काही सूक्ष्मजंतूंची बीजे उकळीतही मरत नाहीत. पाणी सावकाश निवत कोमट झाले, की ती उगवतात व झपाट्याने वाढतात. वर थिजलेली चरबी हवा अडविते. परंतु ह्यांतील काही जंतूंना हवाच नको असते. इंग्रज शास्त्रज्ञ नीडहॅम ह्यांनी मटणाचा रस्सा तापवून कुपीत बंद केला व पुढे त्यात जीव दिसले, तेव्हा ते आपोआप उत्पन्न झाले असे त्यांनी १७४८ साली मांडले. इटलीतील स्पालान्झानी ह्यांनी अधिक वेळ उकळून व कुपी पक्की मिटवून १७६५ साली त्यांचे मत खोडले, आणि १८६० च्या सुमारास फ्रान्सच्या पाश्चर ह्यांनी त्या वादावर पडदा पाडला. माझे पातेले म्हणजे नीडहॅम ह्यांची कुपीच होती!

म्हणून गाळलेले पाणी उथळ भांड्यांत वाटून, ती भांडी परातीतील गार पाण्यात ठेवून लवकर निववावे व दोन तासांच्या आत शीतकपाटात ठेवावे. तेथे ते तीन-चार दिवस टिकते; बर्फाच्या कप्प्यात दोन-तीन महिने. मात्र तेथे ठेवताना भांडे काठोकाठ भरू नये, कारण गोठताना पाणी फुगते. वर थिजलेला चरबीचा थर दुसऱ्या दिवशी चमच्याने सहज निघतो. पिण्यापूर्वी प्रत्येक वेळी खळखळून उकळावे. शीतकपाट नसेल, तर त्या वेळेपुरतेच करावे व संपवावे.

ज्यांच्या घरी मांस शिजत नाही, त्यांनीही हा नियम ध्यानात ठेवावा; पुरणाच्या डाळीचे येळवणी उन्हाळ्यात रात्रभर तसेच राहिले, तर तेही आंबते. आज घरी गेल्यावर आईला एवढेच विचारा : कालचा रस्सा किती वेळात निवला?