‘काळजी घ्या’ म्हणजे नेमकं काय? परदेशी अभ्यासदौरा आणि प्राध्यापकांची तयारी

साहित्याच्या तासाला आपण एकेका शब्दावर वाद घालतो. पण सहलीचं संमतीपत्र हातात पडलं की न वाचताच सही करतो, आणि घरचेही तेच करतात. मंडळातले काहीजण पुढच्या वर्षी परदेशी अभ्यासदौऱ्यासाठी अर्ज करणार आहेत, म्हणून या लेखात मी कवितेऐवजी त्या कागदाची भाषा तपासायला घेतली आहे. दौऱ्यावर नेणाऱ्या सर-मॅडमना कोणती तयारी हवी, हा प्रश्न मला वाटतं बराचसा त्या भाषेतच दडलेला आहे.

एक गाजलेला खटला घेऊ. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात हॉचकिस नावाची शाळा आहे. २००७ च्या उन्हाळ्यात तिथले विद्यार्थी चिनी भाषा शिकायला शिक्षकांबरोबर चीनमध्ये गेले. त्यात तिएनजिनजवळच्या पान नावाच्या डोंगरावर एक दिवसाची फेरी होती. उतरताना बहुतेकजण केबल कारने आले. पंधरा वर्षांची एक मुलगी आणि आणखी काहीजण झाडाझुडपांतून चालत उतरले. काही दिवसांनी त्या मुलीला ताप आला, डोकं दुखू लागलं. निदान झालं गोचिडीमार्फत पसरणाऱ्या मेंदूज्वराचं. ती वाचली, पण तिची बोलण्याची शक्ती गेली. भाषा शिकायला गेलेली मुलगी! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढचं पान उलटायला वेळ लागला.

आता शाळेने दिलेले कागद पाहा. सोबत आणायच्या वस्तूंच्या यादीत किडे पळवायचा स्प्रे होता, पण ‘इतर वस्तू’ या मथळ्याखाली. तो का आणायचा, कुठे लावायचा, याबद्दल एक ओळ नाही. आरोग्याच्या माहितीसाठी पालकांना अमेरिकन सरकारच्या रोगनियंत्रण केंद्राकडे पाठवलं होतं, पण दिलेला दुवा चुकून मध्य अमेरिकेच्या पानाचा होता. चीनच्या ईशान्य भागातल्या जंगलात हा रोग आढळतो, ही माहिती त्याच केंद्राकडे उपलब्ध होती. फेरीच्या वर्णनात मात्र दाट झाडीचा इशारा नव्हता. म्हणजे कागद भरपूर होते आणि सूचना एकही नव्हती.

ज्यूरीने २०१३ मध्ये शाळेला दोषी धरून चार कोटी डॉलरहून जास्त भरपाई ठरवली. पालकांनी सही केलेला ‘आम्ही जबाबदार नाही’चा फॉर्म शाळेच्या उपयोगी पडला नाही. इतका दुर्मीळ आजार आम्हाला कसा सुचावा, असं शाळेचं म्हणणं होतं. ते अगदीच चूक म्हणता येणार नाही. पण कनेक्टिकटच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये साधा हिशेब मांडला : लांब बाह्यांचे कपडे घाला, स्प्रे लावा, झाडीत शिरू नका, एवढं सांगायला खर्च किती येतो? परदेशी सहल आखणाऱ्या शाळेवर किड्यांपासून होणाऱ्या गंभीर आजाराबद्दल सावध करण्याची जबाबदारी आहे, असा निर्वाळा त्याने दिला.

आपल्याकडे घरातून निघताना आजी म्हणते, ‘सांभाळून जा हं.’ त्यात माया असते. माहिती नसते, आणि आजीकडून ती अपेक्षाही नसते. सरांनी बसमध्ये माइकवरून ‘सर्वांनी काळजी घ्यावी’ म्हटलं तर तीही माया झाली. विद्यार्थ्याने नेमकं काय करायचं हे ज्या वाक्यातून कळतं, तीच सूचना. ‘किडे असतील’ आणि ‘झाडीत गोचिडी आहेत, पॅंट मोज्यात खोचा, संध्याकाळी अंग तपासा’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. दुसरं वाक्य बोलायचं तर सरांना आधी त्या जागेचा अभ्यास करावा लागतो. तयारी म्हणतात ती हीच.

तयारी नसली की काय होतं याची आठवण हैदराबादच्या वाचकांना वेगळी द्यायला नको. ८ जून २०१४ ला तिथल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाची मुलं मनालीच्या वाटेवर हिमाचलमधल्या थलौटजवळ बियास नदीच्या पात्रात फोटो काढायला उतरली. वर लारजी धरणातून पाणी सोडलं गेलं. २४ विद्यार्थी आणि सहलीच्या व्यवस्थेतला एकजण वाहून गेले. हिमाचलच्या उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये प्रत्येक कुटुंबाला वीस लाखांची भरपाई ठरवली आणि तिचा काही वाटा महाविद्यालयावरही टाकला. धरण चालवणं महाविद्यालयाचं काम नव्हतं. पण वरती धरण असलेल्या नदीचं पात्र कोरडं दिसलं तरी त्यात उतरायचं नसतं, हे बरोबरच्या मोठ्या माणसाला माहीत असायला हवं होतं. परदेश सोडाच, आंध्र-तेलंगणातल्या मुलांना हिमाचलची नदीही परकीच.

उलट बाजूही आहे. भारतात शिकायला आलेले परदेशी विद्यार्थीही आपल्या रस्त्यांवर दगावलेत. १९९६ च्या मार्चमध्ये ‘सेमिस्टर ॲट सी’ या अमेरिकन कार्यक्रमातल्या चार विद्यार्थिनी ग्रँड ट्रंक रोडवर बस उलटून गेल्या. प्रवास रात्रीचा होता. आज कितीतरी परदेशी विद्यापीठं रात्रीचा रस्त्याचा प्रवास टाळायला सांगतात. आपण मात्र ‘रात्री निघालो की हॉटेलचा खर्च वाचतो’ म्हणतो, आणि खरं तर मलाही रात्रीच्या बसमधली गाणी आवडतात.

अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत दौऱ्यावर जाणाऱ्या प्राध्यापकांना आधी प्रशिक्षण घ्यावं लागतं. त्यातला मला पटलेला भाग म्हणजे सराव. समजा पहाटे दोन वाजले आहेत, एक मुलगी खोलीवर परतलेली नाही, फोन बंद आहे. पहिला फोन कुणाला? बाकीच्या मुलांजवळ कोण थांबणार? घरी कोण कळवणार, कधी? चीनमध्ये रुग्णवाहिकेचा नंबर १२० आहे, आपल्याकडे आणि युरोपात ११२ चालतो. पण नंबर लागल्यावर पत्ता तिथल्या भाषेत कोण सांगणार? आणि आजारी पडले ते सरच, तर? म्हणून दुसरं जबाबदार माणूस लागतंच. ते फक्त सामान मोजायला नसतं.

एका विषयावर आपण बोलायचं टाळतो, तो म्हणजे छेडछाड आणि लैंगिक छळ. अमेरिकेत क्लेरी कायद्यानुसार दौरा नेणारे प्राध्यापक सहसा अशा तक्रारी विद्यापीठाला कळवायला बांधील असतात; ऐकून मनात ठेवणं त्यांच्या हातात नसतं. आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांतही परिसर या शब्दाची व्याख्या मोठी आहे. क्षेत्रभेटी, अभ्याससहली, शिबिरं, नेणारी-आणणारी गाडी, सगळं त्यात येतं. म्हणजे कॉलेजचं फाटक ओलांडलं तरी कॉलेज संपत नाही. दौऱ्यावरच्या मुलीला हे निघण्यापूर्वीच माहीत हवं, आणि तक्रार त्या सरांबद्दलच असली तर ती कुणाकडे करायची, हेही.

आता पुन्हा संमतीपत्राकडे. नेहमीचं वाक्य असं : ‘सहलीदरम्यान पाल्यास इजा झाल्यास महाविद्यालय जबाबदार राहणार नाही.’ व्याकरण पाहा. इजा ‘होते’, कुणी करत नाही, कशाने होते तेही नाही. पालकाला यातून एवढंच कळतं की काहीतरी होऊ शकतं. त्याजागी मी हे लिहीन : ‘दुसऱ्या दिवशी आम्ही नदीकाठी जाणार आहोत. वर धरण आहे, पाणी अचानक वाढतं, म्हणून पात्रात कुणालाही उतरू देणार नाही. रात्री दहानंतर बसप्रवास नाही. पाल्याला दमा, फिट, ॲलर्जी असल्यास खाली लिहा. ही माहिती फक्त दोन प्राध्यापकांकडे राहील. अडचण आल्यास या दोन नंबरांवर कोणत्याही वेळी फोन करा.’

मी हे टाइप करून पाहिलं. सहीची जागा धरूनही अर्धं पान उरतं.