गुरू स्पष्ट, तेजोमेघ विस्कटलेला : असे का?

आकाशदर्शनाच्या एका रात्री आम्ही साताऱ्यास जुळवलेली यंत्रचलित दुर्बीण तशीच सांगलीस नेऊन मांडली. गुरूचे छायाचित्र सुरेख आले. मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे मात्र विस्कटले, भोवतीचे तारे रेघांसारखे ओढले गेले. दुर्बीण मांडणाऱ्या विद्यार्थ्याने मान खाली घातली. वास्तविक चूक त्याची नव्हती, आमची होती.

पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश दर सेकंदास सुमारे १५ विकला सरकते. विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. या गतीचा माग घेण्यासाठी दुर्बिणीचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे रोखावा लागतो. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची त्या स्थळाच्या अक्षांशाइतकी असते : साताऱ्यास सुमारे १७.७ अंश, सांगलीस १६.९. हा फरक विद्यार्थ्यांना सांगण्यास आम्ही विसरलो होतो. एवढ्या फरकाने दोन मिनिटांत तारा सुमारे २५ विकलांपर्यंत ढळू शकतो.

गुरू तेजस्वी असल्याने सेकंदाच्या शंभराव्या भागात टिपता येतो. तेवढ्यात ढळणे जाणवत नाही. तो बाजूस सरकलाच, तर हाताने मध्यावर आणावा. तेजोमेघाचा मंद प्रकाश मात्र कित्येक मिनिटे साठवावा लागतो, आणि त्यासोबत चूकही साठत जाते.

म्हणून हाताने सरकवायची साधी दुर्बीण ग्रहदर्शनास कमी प्रतीची मानू नये. गुरूचे चार मोठे चंद्र तिच्यातूनही दिसतात. दोष देण्यापूर्वी कारण शोधावे, हे आम्हीही त्या रात्री शिकलो. पुढच्या खेपेस त्याच विद्यार्थ्याने प्रथम विचारले, "गुरुजी, इथला अक्षांश किती?"