जादा हवा येते कोठून?

सिग्नलपाशी उभ्या असलेल्या मोटारीचा आवाज तुम्ही ऐकलाच असेल. चाके थांबलेली, ॲक्सिलरेटरवर पाय नाही, तरीही इंजिन संथपणे चालू असते. यालाच आयडलिंग म्हणतात. तापलेल्या पेट्रोल इंजिनाचा हा वेग साधारणतः मिनिटाला ७०० ते ९०० फेरे असतो. एखाद्या गाडीत मात्र तो १५०० किंवा २००० वर जाऊन बसतो. मग ‘गाडी रेस धरते’ अशी तक्रार घेऊन मालक गॅरेज गाठतो आणि एकामागून एक भाग बदलले जातात. वास्तविक येथे सुट्या भागांपेक्षा थोडा विचार अधिक उपयोगी पडतो. तो कसा, ते पाहू.

इंजिन : एक हवेचा पंप

दट्ट्या खाली येतो तेव्हा सिलिंडरमध्ये हवा ओढली जाते. हवेच्या वाटेवर थ्रॉटल नावाची चकतीसारखी झडप असते. ॲक्सिलरेटर दाबला की ती उघडते, पाय काढला की जवळजवळ मिटते. इंजिन हवा ओढतच राहते, वाट मात्र चिंचोळी. त्यामुळे झडपेच्या पलीकडील मॅनिफोल्ड नावाच्या नळीत दाब खूप उतरतो. बाहेर पाऱ्याचा स्तंभ ७६ सेंटीमीटर असेल, तर आत तो २३ सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे सुमारे तीन दशांश असतो.

आता थोडा हिशेब करू. १ लिटर क्षमतेचे चार-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा आपल्या क्षमतेइतकी हवा घेते. ८०० फेऱ्यांत झाले ४०० लिटर. पण ही हवा विरळ आहे. बाहेरच्या दाबाला मोजली तर ती सुमारे १२० लिटर, म्हणजे साधारण १४४ ग्रॅम भरेल. १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास १४.७ ग्रॅम हवा लागते. म्हणजे मिनिटाला सुमारे १० ग्रॅम पेट्रोल पुरते. एवढ्या ज्वलनातून मिळणारी शक्ती इंजिनाच्या घर्षणात आणि इतर किरकोळ कामांत खर्च होते. जमा आणि खर्च जुळतात, तोच आयडलिंगचा वेग.

आज गाडीतील संगणक आत गेलेल्या हवेचा अंदाज घेऊन त्या मानाने पेट्रोल सोडतो. हवा वाढली की पेट्रोल वाढते, शक्ती वाढते आणि वाढलेल्या घर्षणाशी तोल साधेपर्यंत वेग चढत जातो. म्हणून पहिला प्रश्न असा : ही जादा हवा येते कोठून?

ज्वारीच्या दाण्याहून लहान भोक

समजा, मॅनिफोल्डला जोडलेल्या रबरी नळीस ३ मिलिमीटर व्यासाचे भोक पडले. आतला दाब बाहेरच्या निम्म्याहूनही कमी असल्याने हवा त्यातून ध्वनीच्या वेगाने आत घुसते. मिनिटाला सुमारे ७० ग्रॅम हवा अशी चोरवाटेने येईल. इंजिनाची सारी गरज १४४ ग्रॅमची! क्षुल्लक भोकाने वेग का चढतो, हे आता ध्यानात येईल. सूक्ष्म शिट्टीसारखा ‘सूंऽऽ’ आवाज आला, तर तो याच हवेचा.

शोध कसा घ्यावा?

सोप्यापासून अवघडाकडे जावे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

१. दोष खरोखर आहे का? थंड इंजिनाचा वेग संगणक मुद्दाम वाढवतो. वातानुकूलन चालू असतानाही तो थोडा वाढू शकतो. म्हणून इंजिन तापू द्यावे, वातानुकूलन बंद करावे आणि मगच काटा वाचावा.

२. पायाखालची चटई ॲक्सिलरेटरवर सरकली आहे का? थ्रॉटलची तार ताठ किंवा अडकलेली आहे का? हे इंजिन बंद ठेवून पाहावे.

३. मॅनिफोल्डला जोडलेल्या नळ्या एकेक करून चिमटाव्यात. जी चिमटताच वेग उतरतो, त्या शाखेत गळती असण्याचा संभव मोठा. गॅस्केटमधील गळती हुडकण्यासाठी गॅरेजमध्ये बंद इंजिनात धूर सोडतात. तो जेथून बाहेर येतो तेथे दोष.

४. थ्रॉटलवर व आयडलिंगची हवा सोडणाऱ्या झडपेवर काजळी बसून ती अर्धवट उघडी राहते का, ते पाहावे. काजळी साफ केल्यावर काही गाड्यांत वेग उलट वाढतो, कारण संगणकाने काजळीचा हिशेब धरलेला असतो. त्याला नव्याने शिकवावे लागते.

५. पाण्याचे तापमान मोजणारा थर्मिस्टर तपासावा. एका प्रचलित प्रकारात २० अंशांना सुमारे २५०० ओहम असलेला रोध ८० अंशांना ३०० ओहमच्या आसपास येतो. जोडणी गंजून रोध वाढला, तर संगणक इंजिनाला थंडच समजतो आणि वेग चढता ठेवतो.

दोष न शोधता नुसता थ्रॉटलचा स्क्रू फिरवणे म्हणजे ताप आला म्हणून तापमापक बर्फात बुडवणे होय.

ब्रेककडे दुर्लक्ष नको

ब्रेकला जोर देणारा बूस्टर बहुतेक पेट्रोल गाड्यांत मॅनिफोल्डमधील याच कमी दाबावर चालतो. त्याची नळी फाटली तर वेग चढतो आणि ब्रेकही जड होतो. ही दोन लक्षणे एकत्र दिसली, तर गाडी रस्त्यावर काढू नये. परीक्षा सोपी आहे : गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावावा आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा. इंजिन बंद असताना पेडल कडक होईपर्यंत चारपाच वेळा दाबावे, मग ते दाबून धरूनच इंजिन चालू करावे. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर काम करीत आहे.

हे सारे जाणत्या माणसाबरोबर आणि उघड्या जागीच करावे. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवल्यास कार्बन मोनॉक्साइड जीव घेऊ शकतो. ओढणी, सैल बाह्या आणि बोटे पंख्यापासून दूर ठेवावीत. इंजिन बंद केल्यावरही तो आपोआप सुरू होऊ शकतो. गळती शोधण्यासाठी तापल्या इंजिनावर पेट्रोल कधीही शिंपडू नये.

विचार करा

१. डिझेल इंजिनाची शक्ती हवेवर नव्हे, तर सोडलेल्या डिझेलवर ठरते. त्याच्या मॅनिफोल्डला असेच भोक पडले, तर वेग वाढेल का?

२. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंच आहे. तेथे आयडलिंगसाठी हवेची वाट मुंबईपेक्षा अधिक उघडावी लागेल की कमी?