चकाकी नंतर, आधी सीकॉक

शिडाच्या बोटीवरचं ब्राँझ हिरवट-तपकिरी दिसू लागलं की हात आपोआप पॉलिशच्या डबीकडे जातो. तो आवरा. घट्ट बसलेला हा थर खालच्या धातूला राखतो. क्लीट, फेअरलीड अशा डेकवरच्या वस्तू सफरीनंतर गोड्या पाण्याने धुतल्या तरी पुरे. चमक हवीच असेल तर चिंच-मीठ लावा, लगेच खळखळून धुवा आणि पुसून कोरडं करा. अमोनिया असलेलं पॉलिश मात्र नको. ताणाखालच्या पितळी भागांना त्याने तडे जातात.

खरं काम पावसाळ्यात, मुंबईच्या बोटी काठावर ओढून झाकल्या की. पाण्याखालच्या प्रत्येक वस्तूवर आडबाजूला सुरीने ओरखडा काढा. आत पिवळसर, सोनेरी दिसलं तर निर्धास्त राहा. गुलाबी आणि भुसभुशीत लागलं तर धातूतलं जस्त समुद्राने खाल्लंय. ती वस्तू बदला. नवी घेताना ‘मँगेनीज ब्राँझ’ या नावावर जाऊ नका. त्यात साधारण 40 टक्के जस्त असतं, म्हणजे ते पितळच. गनमेटल किंवा सिलिकॉन ब्राँझ मागा.

आता सीकॉक. बोटीच्या तळातून पाणी आत-बाहेर सोडणारा हा कॉक अडकला आणि त्याचा पाइप फुटला, तर बोट बुडते. म्हणून तो बोट काठावर असतानाच खोलून साफ करायचा. जुन्या पद्धतीच्या सीकॉकमध्ये निमुळता गट्टू असतो. वरच्या पट्टीचे नट काढा, गट्टू सुटत नसेल तर लाकडी हातोडीने हलकेच ठोका. जुनं ग्रीस रॉकेलने धुऊन काढा. गट्टूवर पेन्सिलीने उभ्या रेघा मारा, तो बसवून एकदा फिरवा आणि बाहेर काढा. जिथे रेघा तशाच राहिल्या, तिथे धातू धातूला टेकत नाही.

मग व्हॉल्व्ह घासायची बारीक पेस्ट लावून गट्टू पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे असा फिरवा. अधूनमधून उचलून जागा बदला, नाहीतर चरे पडतात. सगळीकडे सारखा करडा पट्टा उमटला की थांबा. जास्त घासला तर गट्टू खाली उतरतो आणि भोकं जुळत नाहीत. पेस्टचा कणही उरू देऊ नका, नाहीतर वर्षभर तीच घासत बसेल. पाण्याने न धुपणारं ग्रीस सढळ हाताने लावा. दोन्ही नट सारखे आवळा. दांडी हाताने फिरावी, पण सैल नको.

दोर ओढायची विंच खोलताना तिच्याभोवती तळाला भोक पाडलेलं खोकं ठेवा. उडालेली स्प्रिंग समुद्रात जात नाही. गिअरना ग्रीसचा पातळ हात द्या, पण पॉलना (खटक्यांना) फक्त तेल. ग्रीसने ते चिकटतात आणि ऐन ताणात हँडल उलटं फिरून मनगट मोडू शकतं.

डोलकाठीच्या तारा ताणणारे टर्नबकल सोडण्याआधी उघडे आटे मोजून लिहून ठेवा आणि जोडताना आट्यांना लॅनोलिन लावा.

बोट पाण्यात उतरवताना सगळे सीकॉक बंद असू द्या. तरंगली की एकेक उघडून त्याभोवती हाताचं कोरडं बोट फिरवून पाहा. पाझर दिसला तर दोन्ही नट थोडे थोडे आवळा. तरीही थांबला नाही तर सीकॉक बंद करून बोट पुन्हा वर घ्या.