आता उघडलंच आहे तर

चि. बंड्यास,


रविवारी फोनवर म्हणालास, "आत्या, वॉटर पंपातून थेंब थेंब कूलंट गळतंय. पंप बदलला की झालं. शनिवारी सकाळी हात घालतो, दुपारी गाडी रस्त्यावर." मी हो म्हटलं खरं, पण रात्री डोळ्याला डोळा लागेना. 1967ची पाँटियॅक जीटीओ आमच्याकडेही होती आणि तिचं दुखणंही याच थेंबापासून सुरू झालं होतं. म्हणून हे पत्र.

पाँटियॅकचा पंप ॲल्युमिनियमच्या टायमिंग कव्हरवर बसतो. त्याचे काही बोल्ट चांगले लांब असतात, कव्हरमधून आरपार जाऊन थेट ब्लॉकमध्ये शिरतात. लोखंड, ॲल्युमिनियम आणि कूलंट इतकी वर्षं एकत्र नांदले की बोल्ट जाम होतात. जोर लावलास तर डोकं पान्यात आणि उरलेला बोल्ट आत. बुधवारपासूनच रोज गंज सोडवणारं तेल सोडत जा. शनिवारी आधी थोडी उष्णता दे, मग अर्धा आटा सोड, पाव आटा आवळ, पुन्हा सोड. एका बोल्टला अर्धा तास लागला तरी लागू दे. एका पुठ्ठ्यावर पंपाचा आकार काढ आणि निघालेला बोल्ट त्याच्याच जागी खोचून ठेव. लांबी सगळ्यांची सारखी नसते.

पंप निघाला की कव्हरच्या आतून बोट फिरव. गुळगुळीत लागलं तर नवा पंप बसव आणि देवाचे आभार मान. खड्डे लागले, तर कव्हर काढावंच लागेल. त्यासाठी फ्युएल पंप सुटणार, पुढचा बॅलन्सर निघणार. ऑइल पॅनचे पुढचे बोल्ट खालून याच कव्हरमध्ये येतात, म्हणजे पॅनचं पॅकिंगही हलणार. एक सांधावं तर तेरा तुटावेत, ते असं.

कव्हरमागे टायमिंग चेन. कारखान्यातून आलेल्या कॅम गिअरचे दात नायलॉनचे असायचे, चेनचा आवाज कमी व्हावा म्हणून. उष्णतेनं ते नायलॉन ठिसूळ होतं. आमच्या गिअरचे तीन दात जागेवर नव्हते. पॅन उतरवला तेव्हा ते सापडले : चणाडाळीएवढे तपकिरी तुकडे, काही तळाच्या काळ्या चिखलात, काही ऑइल पंपाच्या गाळणीला चिकटलेले. बोटांत धरल्यावर चुरा झाला. गाळणी आणखी थोडी तुंबली असती तर इंजिनाला तेल मिळालं नसतं. आणि तो पॅन सहज निघत नाही, इंजिन वर उचलावं लागतं. उचलताना दिसलं की माउंटिंगचं रबर फाटलंय.

इथपर्यंत आलास तर वाट चुकलास असं समजू नकोस. थेंब, कव्हर, चेन, गाळणी, माउंटिंग, सगळं एकाच दुखण्याच्या मागे गेल्यावर सापडलेलं. ते अर्धवट सोडून वरवर नवा पंप लावणं हा गाडीशी खोटेपणा.

आमचं चुकलं ते यापुढे. तुझे काका म्हणाले, आता उघडलंच आहे तर इंजिन रंगवू. इंजिन बाहेर आलं. मग मी म्हटलं, इंजिनाची जागा रिकामी आहेच तर वायरिंग नवं घालू. वायरिंगसाठी डॅशबोर्ड निघाला, डॅशबोर्डपाठोपाठ सीट, सीटखालचं कार्पेट, आणि कार्पेटखाली मिशिगनच्या रस्त्यांवरच्या मिठानं खाल्लेला पत्रा. प्रत्येक पाऊल तेव्हा शहाणपणाचं वाटलं होतं. तिसऱ्या वर्षी लेक कॉलेजला निघाली. त्या ऑगस्टमध्ये तिला वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जीटीओतून मिरवायचं होतं, आणि गाडी गराजमध्ये स्टँडवर उभी होती, तिचे भाग सोळा खोक्यांत. याची हळहळ मला अजून आहे.

ही गाडीच मुळी मोहातून जन्मली, हे तुला ठाऊक असेल. मध्यम आकाराच्या गाडीत 330 घनइंचांहून मोठं इंजिन नको, असा जनरल मोटर्सचा दंडक होता. 1964च्या मॉडेलसाठी पाँटियॅकच्या मंडळींनी टेंपेस्ट ल माँमध्ये मोठ्या गाडीचं 389चं इंजिन बसवलं आणि 'जीटीओ' नावाचा 295 डॉलरचा जादा पर्याय म्हणून ते विकायला काढलं. मला ती माणसं आवडतात. पण त्यांनी गाडी पुरी करून रस्त्यावर आणली, हेही विसरू नकोस.

तू एक वही कर. डाव्या पानावर 'गाडीला हवं', उजव्या पानावर 'मला हवं'. फाटलेलं माउंटिंग डावीकडे. ब्रेकचे होज तडकले असतील तर तेही डावीकडे, सगळ्यात वर. पुढे डिस्क ब्रेक बसवायचे तुझ्या मनात आहे, ते उजवीकडे लिही. वाईट नाही ते, पण आताचं नाही. गाडी पुन्हा सुरू होऊन तिच्यातून महिनाभर हिंडल्याशिवाय उजव्या पानातलं काही मागवायचं नाही. हिंडलास की यादीतलं बरंचसं आपोआप गळून पडेल, आणि जे राहील ते तुला खरोखर हवं असेल.

गळलेलं कूलंट उघड्या भांड्यात ठेवू नकोस. ते गोड असतं आणि विषारीही, शेजारचं कुत्रं चाटेल. नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरलास तर मी बोलणार नाही तुझ्याशी.

शनिवारी आठला निघते, तिकडे पोचायला दहा वाजतील. पुठ्ठा आणि वही तयार ठेव. कव्हर काढायची वेळ आली तर माझ्यासाठी थांब. त्या गिअरचे दात मला मोजायचे आहेत.

तुझी,
आत्या